ओटीपी न देता गेलेले पैसे: कार्ड फसवणुकीच्या तक्रारीचे साडेपाच महिने

ज्या कंपनीकडून माझ्या क्रेडिट कार्डाची माहिती फुटली, तिचे पत्र मला २४ जुलै २०२४ रोजी ईमेलने मिळाले होते आणि मी ते वाचलेही होते, हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी धावपळ त्या दिवशी मी न केलेल्या एका कामातून सुरू झाली.

मी अमळनेरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. लेकीला परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करायचे होते आणि त्या अर्जांची कागदपत्रे तपासून विद्यापीठांकडे पाठवणाऱ्या परदेशातील एका कंपनीचे शुल्क आम्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये माझ्या कार्डावरून भरले होते. त्यासाठी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागले. शुल्क भरले गेले, पावती आली आणि ती सोय बंद करायची राहून गेली. आठ महिन्यांनी आलेल्या पत्रात कंपनीने कळवले होते की, बाहेरच्या कोणीतरी त्यांच्या पैसे भरण्याच्या पानावर घातक संगणकीय कोड घुसवला होता आणि त्या काळात ज्यांनी कार्ड वापरले त्यांचे नाव, कार्ड क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचा तीन अंकी क्रमांक बाहेर गेला असण्याची शक्यता आहे. पत्राच्या दुसऱ्याच परिच्छेदात ‘गैरवापर झाल्याचे आढळलेले नाही’ असेही होते. मी त्या वाक्यावर विसंबले, त्या संकेतस्थळाचा पासवर्ड बदलला आणि कार्ड तसेच चालू ठेवले. त्याच दिवशी अ‍ॅपमधून कार्ड बंद करून नवे मागवले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. असे पत्र आपल्याला आले आणि त्यात ‘शक्यता’ एवढाच शब्द असला, तरी कार्ड बदलून घ्यावे, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

९ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, एक डॉलर खर्च झाल्याचा एसएमएस आला. घरात साफसफाई आणि पाहुण्यांची तयारी चालली होती. लेकीने एखादे सदस्यत्व घेतले असेल असे वाटून मी विचारायचे ठरवले आणि विसरले. चोरलेले कार्ड चालते आहे का, हे पाहण्यासाठी आधी असा किरकोळ व्यवहार करून बघतात, ही माहिती मला नंतर मिळाली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसते. ११ ऑगस्टला भाऊबंद सगळे जमले होते, रोट झाले, रात्री उशिरापर्यंत बायकांची गाणी चालली आणि माझा फोन मागच्या खोलीत चार्जिंगला लावलेला राहिला. सोमवारी पहाटे पावणेसहाला तो हातात घेतला तेव्हा त्यावर चार संदेश होते. २ वाजून १३ मिनिटांनी ४९९ डॉलर, २ वाजून १६ मिनिटांनी ४५० डॉलर, २ वाजून २१ मिनिटांनी २४० डॉलर, आणि शेवटचा, २ वाजून २४ मिनिटांचा, ३५० डॉलरचा व्यवहार मर्यादा संपल्यामुळे नाकारला गेल्याचा. माझ्या कार्डाची मर्यादा दीड लाख रुपयांची होती आणि त्यातले ३१ हजारांच्या आसपास मी स्वतः खर्च केलेले होते. त्या क्षणी हिशेब जमेना. हात गार पडले होते आणि घरात झोपलेल्या पंधरा-वीस माणसांना जाग येऊ नये म्हणून मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले, एवढे आठवते.

सासूबाई, ज्यांना घरात सगळे माय म्हणतात, त्या नेहमीप्रमाणे लवकर उठल्या होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, “काय व्हयनं पोरी?” मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “तू कोनले नंबर दिधा का?” “नही माय, कोनलेच नही दिधा,” एवढेच मी म्हणू शकले. त्यांनी विचारले ते काळजीने. पण हाच प्रश्न पुढे हेल्पलाइनवर, बँकेच्या शाखेत, शाळेच्या शिक्षक खोलीत आणि नात्यात मला इतक्या वेळा विचारला गेला की, आपण खरोखरच झोपेत कोणाला काही सांगितले का, अशी शंका मला स्वतःबद्दल येऊ लागली.

म्हणून ओटीपीचा विषय इथेच मांडते. भारतातील संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरताना ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लागते, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून इथल्या दुकानांना व संकेतस्थळांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाच्या बदल्यातला सांकेतिक क्रमांक, वापरावे लागते. परदेशातील विक्रेत्याला मात्र ओटीपी मागण्याची सक्ती नव्हती. कार्ड क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचे तीन अंक एवढ्यावर, कधी त्याहूनही कमी माहितीवर, तिथे व्यवहार होऊन जातो. माझ्या फोनवर त्या रात्री एकही ओटीपी आला नव्हता, आणि ही गोष्ट मी प्रत्येक अर्जात पहिल्या ओळीत लिहिली.

पावणेसहाला पाहिले आणि पाच वाजून बावन्न मिनिटांनी अ‍ॅपमधून कार्ड कायमचे बंद केले. अ‍ॅपमध्ये तात्पुरते बंद आणि कायमचे बंद असे दोन पर्याय असतात, त्यांपैकी कायमचे बंद करणारा निवडावा. त्यानंतर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन लावला. बावीस मिनिटे थांबल्यावर माणूस भेटला. त्याने कार्ड बंद असल्याची खात्री दिली आणि आणखी काही मदत हवी का, असे विचारून तो फोन ठेवण्याच्या बेतात होता. कार्ड बंद करणे आणि व्यवहाराबद्दल वाद नोंदवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तोपर्यंत जागी झालेल्या माझ्या लेकीने बाजूला बसून कागदावर लिहून दाखवले, म्हणून मी थांबले आणि एक डॉलरच्या व्यवहारासह चारही व्यवहारांची वादतक्रार नोंदवून घेतली. तक्रार क्रमांक, बोलणाऱ्याचे नाव आणि सहा वाजून एकोणतीस ही वेळ मी शाळेच्या जुन्या डायरीत लिहिली. ग्रंथालयात देवघेवीची नोंद ठेवण्याची सवय असल्याने पुढेही प्रत्येक फोन त्या डायरीत गेला, आणि शेवटी माझ्या बाजूचा मुख्य पुरावा ती डायरीच ठरली.

पुढचा फोन १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनला केला. त्यांनी बँकेचे नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक, प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक विचारला. ही माहिती समोर लिहून ठेवूनच तिथे फोन करावा, म्हणजे शोधाशोधीत वेळ जात नाही. पोच क्रमांक एसएमएसने आला आणि चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जाऊन उरलेली तक्रार पूर्ण करायला सांगण्यात आले. लेकीने ती तासाभरात भरली. एसएमएसचे स्क्रीनशॉट, ओळखपत्र आणि कंपनीचे ते २४ जुलैचे पत्र जोडले. पत्र मी काढून टाकले नव्हते, हे आमचे नशीब.

सकाळी कानबाईला निरोप द्यायला सगळे वाजतगाजत बोरी नदीकडे निघाले. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी कधी मागे राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले, आणि साडेदहाला बँकेच्या दारात उभी होते.

शाखेतल्या अनुभवाबद्दल मी कोणा एका माणसाला दोष देत नाही, पण तो जसा झाला तसा सांगणे आवश्यक आहे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने “ओटीपी कोणाला सांगितला, मॅडम?” असे विचारले. मी नाही म्हटल्यावर “ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत” असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले आणि क्रेडिट कार्डाचा विभाग वेगळा असल्याने शाखा अर्ज घेत नाही, असे म्हणून माझा कागद परत केला. मागे रांगेत माझ्या दोन विद्यार्थिनींचे वडील उभे होते. मला तिथून निघून जावेसे वाटले. पण लेकीने घरून निघताना एक वाक्य पाठ करून घेतले होते: ‘तुम्ही निर्णय देऊ नका, फक्त अर्ज मिळाल्याचा शिक्का द्या.’ हे वाक्य मी तीन वेळा, आवाज न चढवता म्हटले. शेवटी शाखा व्यवस्थापकांनी आत बोलावले, अर्ज वाचला आणि माझ्या प्रतीवर तारीख, वेळ, सही व शिक्का दिला.

अर्जात फार काही नव्हते. अमुक कार्डावर अमुक वेळेला झालेले चार व्यवहार मी केलेले नाहीत, त्यासाठी ओटीपी आलेला नाही, कार्ड माझ्याजवळच आहे, माहिती एका त्रयस्थ कंपनीकडून फुटल्याचे तिचे पत्र सोबत आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार माझी जबाबदारी शून्य धरावी. एवढाच मजकूर.

ग्राहकाला न विचारता झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत त्याची जबाबदारी किती, हे त्या वेळी हे परिपत्रक ठरवत होते. दोष बँकेचा नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, व्यवस्थेतल्या तिसऱ्याच कोणाचा असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर ग्राहकाला काहीही सोसावे लागत नसे. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डासाठी जास्तीत जास्त दहा हजार रुपयांची जबाबदारी त्याच्यावर येत असे, आणि त्यानंतर सगळे त्या बँकेच्या धोरणावर सोपवलेले असे. सूचना मिळाल्याचा दिवस यात मोजत नसत. ही बाब माझ्या बाबतीत महत्त्वाची ठरली, कारण एक डॉलरचा एसएमएस ९ ऑगस्टच्या शुक्रवारी आला होता आणि तुम्ही तेव्हाच का कळवले नाही, असा मुद्दा बँकेने नंतर काढलाच. १० ऑगस्टला दुसरा शनिवार, ११ ला रविवार, म्हणजे सोमवार १२ ऑगस्ट हाच पहिला कामकाजाचा दिवस होता. दिनदर्शिकेच्या त्या पानाची झेरॉक्स मी उत्तराला जोडली.

मंगळवारी किरकोळ रजा टाकून रेल्वेने जळगावला गेले आणि सायबर पोलिसांकडे लेखी अर्ज दिला. तिथे एक महिला कर्मचारी होत्या. त्यांनी पहिला प्रश्न “ताई, मेसेज किती वाजता आला?” असा विचारला. दोन दिवसांत ओटीपीबद्दल न विचारणाऱ्या त्या पहिल्याच, आणि ते ऐकून मला रडू आले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मी सावरेपर्यंत थांबल्या. विक्रेते परदेशातले असल्याने आरोपीपर्यंत पोहोचणे अवघड आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पैसे परत मिळण्याचा मार्ग बँकेमार्फतच जाईल, पण पोलिसांकडची पोच त्या मार्गावर उपयोगी पडेल, असेही सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी ही कलमे अशा प्रकरणांत लागतात, ही नोंदही मी तिथेच करून घेतली. दुपारच्या गाडीने परत आले.

१४ ऑगस्टला बँकेने वादाचा छापील अर्ज ईमेलने पाठवला आणि सोबत पासपोर्टच्या सर्व पानांची प्रत मागितली, जेणेकरून त्या तारखेला मी देशाबाहेर नव्हते हे दिसावे. माझ्याकडे पासपोर्टच नाही. मग तसे स्वयंघोषणापत्र लिहिले, मुख्याध्यापकांकडून ९ आणि १२ ऑगस्टच्या हजेरीपटाच्या साक्षांकित प्रती घेतल्या आणि पाठवल्या. बारा तारखेला बँकेतून मी दुपारच्या सत्राला शाळेत गेले होते. मन लागत नव्हते, पण त्या सहीचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

त्याच परिपत्रकानुसार बँकेने सूचना मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम तात्पुरती जमा दाखवायची होती. ऑगस्ट संपला, बैलपोळा झाला, रक्कम जमा झाली नाही. उलट २० ऑगस्टचे बिल आले आणि त्यात सगळे एकत्र होते. चार व्यवहारांचे ९९ हजार ९६० रुपये, त्यावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के शुल्क म्हणजे ३ हजार ४९८ रुपये ६० पैसे, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी ६२९ रुपये ७५ पैसे. एकूण १ लाख ४ हजार ८८ रुपये ३५ पैसे, जे मी खर्च केले नव्हते, आणि ३१ हजार २४० रुपये, जे केले होते. मुदत ९ सप्टेंबरची.

या बिलाचे काय करायचे, यावर घरात दोन मते पडली. पतींचे म्हणणे होते की, सगळे भरून टाकू, मागे तगादा नको. त्यांचे खत-बियाणांचे दुकान आहे आणि त्यांच्या व्यवहारात शब्दाला व वेळेला किंमत आहे. बँकेचे देणे थकले ही गोष्टच त्यांना सहन होत नव्हती. लेकीचे मत होते की, न केलेला खर्च भरला तर तो मान्य केल्यासारखे होईल. हेल्पलाइनवर ‘किमान रक्कम भरा’ असा सल्ला मिळाला. मी ५ सप्टेंबरला माझा स्वतःचा खर्च पूर्ण, ३१ हजार २४० रुपये, भरला आणि त्याच दिवशी ईमेल केला की, उरलेली रक्कम वादातील आहे आणि ग्राहकाने फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क लावू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक २०२२ च्या निर्देशांत आहे. आपला खरा खर्च मात्र एक रुपयाही मागे ठेवू नये. त्यामुळे आपली बाजू स्वच्छ राहते.

त्याआधी एक दिवस, ४ सप्टेंबरला, बँकेचा नकार आला होता. चार ओळींचा ईमेल होता. व्यवहार योग्य माहिती भरून झालेले आहेत, सबब दावा मान्य करता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या पगाराचे गणित आणि लेकीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली रक्कम माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि बँक म्हणते म्हणजे आपलेच काही चुकले असणार, हा लहानपणापासूनचा समज मनातून जात नव्हता. सकाळी परिपत्रक पुन्हा वाचले. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. मग मी बँकेच्या मुख्य नोडल अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. त्यात एकच मागणी होती: ओटीपी कोणत्या क्रमांकावर, किती वाजता पाठवला आणि तो कोणत्या ठिकाणाहून भरला गेला, याची नोंद मला द्यावी. या अधिकाऱ्यांचे नाव व पत्ता प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने, असे दोन्ही मार्गांनी ६ सप्टेंबरला पाठवले. दुसऱ्या दिवशी घरी गणपती बसले.

गणपतीच्या दिवसांत वसुलीचे फोन सुरू झाले. दिवसाला दोन, कधी तीन, एकदा शाळेच्या तासाला. मी प्रत्येकाला तक्रार क्रमांक सांगितला, बोलणाऱ्याचे नाव विचारून डायरीत लिहिले आणि हे प्रकरण वादात असल्याचे ईमेलने कळवा, असे म्हटले. दहा-बारा दिवसांत फोन कमी झाले. पण त्या दिवसांत फोन वाजला की पोटात गोळा यायचा, आणि आरतीच्या वेळीही तो मी बंद करून ठेवत असे.

बँकेने तक्रार नाकारली किंवा तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर त्या वेळी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजना, २०२१ खाली तक्रार करता येत असे. नोडल अधिकाऱ्यांकडून उत्तर न आल्याने १८ सप्टेंबरला आम्ही तिच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरली. शुल्क काही नाही, वकील लागत नाही. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना साध्या कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. आधी बँकेकडे तक्रार केलेली असणे मात्र सक्तीचे आहे. थेट लोकपालांकडे गेल्यास तक्रार परत येते. अर्ज भरायला आम्हाला दीड तास लागला, कारण प्रत्येक कागदाला तारखेप्रमाणे नाव देऊन जोडला. ‘०१ कंपनीचे पत्र’, ‘०२ एसएमएस’, ‘०३ शाखेची पोच’ अशी अकरा कागदांची यादी झाली.

२६ सप्टेंबरला ९९ हजार ९६० रुपये कार्डाच्या खात्यावर तात्पुरते जमा झाले. बँकेचा सूर त्या दिवसापासून बदलला. एका अधिकाऱ्यांनी स्वतः फोन करून सांगितले की, परदेशी विक्रेत्यांच्या बँकांकडून रक्कम परत मागण्याची, म्हणजे चार्जबॅकची, प्रक्रिया कार्ड नेटवर्कमार्फत सुरू केली आहे आणि त्या बँकांना उत्तरासाठी ठरावीक मुदत असते. कंपनीच्या पत्राची मूळ ईमेल प्रत त्यांनी पुन्हा मागून घेतली. स्क्रीनशॉटपेक्षा मूळ ईमेलला अधिक वजन असते.

ऑक्टोबर वाट पाहण्यातच गेला. अशा तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लागला पाहिजे, असे परिपत्रक सांगत होते, आणि माझे नव्वद दिवस १० नोव्हेंबरला पूर्ण होत होते. दिवाळीनंतर, ८ नोव्हेंबरच्या शुक्रवारी, अंतिम निर्णयाचे पत्र आले. चारही व्यवहार अनधिकृत असल्याचे मान्य करून जमा रक्कम कायम केली होती. मी ते पत्र शाळेच्या ग्रंथालयात दोनदा वाचले आणि घरी फोन केला. माय म्हणाल्या, संध्याकाळी ये, मग देवापाशी दिवा लावू.

पण पत्रात चलनशुल्काचा आणि त्यावरच्या जीएसटीचा उल्लेख नव्हता, आणि सप्टेंबरच्या बिलात लावलेले ९५० रुपये विलंब शुल्क व त्यावरचा १७१ रुपये जीएसटीही तसाच होता. मिळून ५ हजार २४९ रुपये ३५ पैसे. लाख रुपये परत आल्यावर पाच हजारांसाठी पुन्हा पत्र लिहायचे का, असे मलाही वाटले. मूळ व्यवहारच माझा नसेल तर त्यावरचे शुल्क माझे कसे, हा प्रश्न मात्र सुटेना. लोकपालांकडची तक्रार तोवर बंद झालेली नव्हती, तिथेही हे कळवले. २ डिसेंबरला ती रक्कमही जमा झाली. निर्णयाचे पत्र आले की बिलाशी ओळ न् ओळ ताडून पाहावे.

शेवटचे काम पतअहवालाचे, लोक ज्याला सरसकट सिबिल म्हणतात त्याचे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. जानेवारी २०२५ लागल्यावर मी तो काढला, तर सप्टेंबर महिन्यासमोर माझे देणे थकल्याची नोंद होती. लेकीच्या शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार राहणार असल्याने ही नोंद राहू देणे परवडणारे नव्हते. ६ जानेवारीला बँकेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे एकाच वेळी दुरुस्तीची मागणी केली, ८ नोव्हेंबरचे पत्र जोडले. अशी दुरुस्ती तीस दिवसांत न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. माझी नोंद २९ जानेवारीला दुरुस्त झाली.

या सगळ्याचा खर्च झेरॉक्स, छपाई, टपाल आणि जळगावची एक फेरी मिळून ८०० रुपयांच्या आत बसला. रजा मात्र एक पूर्ण आणि दोन अर्ध्या गेल्या. ज्या कंपनीकडून माहिती फुटली तिने एक वर्ष मोफत पतनिगराणी देऊ केली होती. ती सेवा त्यांच्या देशातील रहिवाशांपुरतीच असल्याने आमच्या उपयोगाची नव्हती. पोलिसांकडचा अर्ज अजून चौकशीत आहे. पैसे नेणारा कोण, हे मला ठाऊक नाही.

एप्रिलमध्ये, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस असताना, लेकीच्या प्रवेशाचे पुढचे शुल्क नव्या कार्डावरून भरायचे होते. अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार ११ वाजून १० मिनिटांनी सुरू केले, मर्यादा शुल्काएवढीच ठेवली, पैसे भरले आणि ११ वाजून २५ मिनिटांनी बंद केले. दोन्ही वेळा डायरीत लिहिल्या आहेत.